काळा-पिवळा टोमॅटो म्हणजे ‘जीएम’ नव्हे

गच्चीवरच्या कुंडीत पिवळे किंवा जांभळट-काळे टोमॅटो लागले की बघणारा हमखास विचारतो, “जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेले आहेत का? की रंगाचं इंजेक्शन?” या समजापायी लोक चांगली फळं नाकारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारतात जीएम टोमॅटोच्या लागवडीला परवानगीच नाही. अमेरिकेत २०२२ साली एका जीएम जांभळ्या टोमॅटोला मान्यता मिळाली खरी, पण त्याचा गर आतपर्यंत जांभळा असतो. पिवळा टोमॅटो तर जुनाच. इटालियन ‘पोमोदोरो’चा अर्थच मुळी सोन्याचं सफरचंद!

लाल रंग लायकोपिन या रंगद्रव्याचा. ते जवळपास तयारच झालं नाही की फळ पिवळं राहतं. ‘चेरोकी पर्पल’सारख्या जुन्या वाणात पिकल्यावरही हरितद्रव्य टिकतं, म्हणून लालावर तपकिरी-जांभळी झाक येते. गुलाबी टोमॅटोचं गुपित मात्र सालीत आहे. लाल टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोला आणि साल उजेडात धरा: पिवळसर दिसेल. गुलाबीची साल जवळजवळ रंगहीन. गर दोन्हींचा लालच.

संकरित नसलेल्या वाणाचं बी घरीच धरता येतं. बिया गरासकट दोन-तीन दिवस आंबवा, बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन सावलीत वाळवा. आणि पिवळ्या टोमॅटोचं सार एकदा कराच: नारळाचं दूध, तुपात जिरं-कढीपत्त्याची फोडणी. हळद अजिबात नको, रंग त्याचा त्यालाच पुरतो.