वॉकीटॉकीचा पत्ता कसा शोधतात

भाचीच्या लग्नाचा बस्ता काढायला इंदूरच्या शीतलामाता बाजारात गेलो होतो. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता आणि निवड काही होत नव्हती. तेवढ्यात सेल्समनच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला, "भिया, ऊपर मरून लहंगा भेजो, पार्टी बैठी है." सेल्समन ढिम्म. मी विचारलं, तर म्हणाला, "अपना नहीं है साब, सामने वाले का आता है बीच-बीच में."

बायको साड्यांत रमली आणि मी त्या काळ्या डबीत. समोरच्या दुकानातला लेहंगा ह्या दुकानात ऐकू येतो, याचा अर्थ दोघांचे सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. ती फ्रिक्वेन्सी कोणती, हे तिसऱ्या माणसाला कळू शकतं का?

पहिला धागा डबीच्या डोक्यावरच असतो. रेडिओलहरीची लांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. आकाशवाणी इंदूरचं मीडियम वेव्ह केंद्र ६४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे ०.६४८ मेगाहर्ट्झवर, म्हणून त्याची एक लहर जवळजवळ ४६३ मीटर. ४४६ मेगाहर्ट्झची लहर मात्र ६७ सेंटिमीटर. अँटेना साधारण लहरीच्या पाव लांबीचा लागतो, म्हणजे इथे १७ सेंटिमीटर, आणि रबराच्या आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळली की तो बोटाएवढ्यात मावतो. १५० मेगाहर्ट्झला हीच पाव लांबी अर्धा मीटर होते, गुंडाळला तरी अँटेना सहसा लांबच राहतो. सेल्समनचा बोटभर होता. म्हणजे बहुधा चारशे मेगाहर्ट्झच्या घरातला, ज्या पट्ट्याला यूएचएफ म्हणतात. भिंती, जिने, कपड्यांचे रॅक यांच्या फटींतून ही आखूड लहर बरी वाट काढते, म्हणून दुकानांना ती सोयीची पडते.

भारतात २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी विनापरवाना खुला केला. युरोपात हाच पट्टा साडेबारा किलोहर्ट्झच्या १६ चॅनलांत वाटलेला आहे. बाकीच्या फ्रिक्वेन्सींना परवाना लागतो. पण ऑनलाइन मिळणारे कित्येक सेट वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर लागतात. शेवटी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा विक्रीबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली.

अमेरिकेत ह्या शोधाचा चक्क छंद आहे. तिथे दुकानांच्या परवान्यांची नोंद सरकारी यादीत उघड असते, आणि स्वस्त सेटांच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सींना रंगीत ठिपक्यांची नावं पडली आहेत: १५४.५७० म्हणजे निळा ठिपका, १५४.६०० हिरवा, ४६४.५५० पिवळा. छंदिष्ट माणूस आधी हे ठिपके तपासतो, बऱ्याचदा दुकान तिथेच सापडतं.

नाही सापडलं तर स्कॅनर. हा रेडिओ एका चॅनलवर क्षणभर थांबतो, कोणी बोलत नसेल तर पुढे सरकतो. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब करून पाहा. ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ साडेबारा किलोहर्ट्झच्या पावलांनी चालायचं तर ५,६०० पावलं. सेकंदाला शंभर धरली तरी एक फेरी ५६ सेकंदांची. आणि "ऊपर मरून लहंगा भेजो" तीन सेकंदांत संपतं! वीस निरोपांतला एखादा हाती लागणार. म्हणून पट्टा आधी आवळून घेणं महत्त्वाचं. १६ चॅनलांची फेरी सेकंदाच्या आतच होते. दुसरी युक्ती अंतराची. मोकळ्या जागेत दोन किलोमीटरवरच्या सेटपेक्षा दोन मीटरवरचा तसाच सेट दहा लाख पट जोरात येतो. काही स्कॅनर ह्याच जोरावर जवळचा सिग्नल हेरून थेट त्यावर उडी मारतात.

माझे काका परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत. त्यांच्याकडे टीव्ही पाहण्यासाठी निघालेला, पेनड्राइव्हएवढा एक डोंगल आहे. २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं की ह्यातली आरटीएल२८३२यू नावाची चिप रेडिओलहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाला देते. मग पावलं टाकत हिंडायची गरज उरत नाही, २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम पडद्यावर उलगडतो, साडेबाराच्या हिशेबाने १९२ चॅनल.

लग्नाच्या धावपळीसाठी भाच्याने विनापरवाना पट्ट्याचे दोन सेट आणले होते. तेच घेऊन आम्ही काकांकडे गेलो. पडद्यावर निळसर धुकं वरून खाली सरकत होतं. भाच्याने गच्चीवरून बटण दाबलं आणि धुक्यात एक पिवळी रेघ उतरली. तो गप्प होता तोवर सरळ, बोलायला लागला की दोन्ही बाजूंनी थरथरणारी. एफएममध्ये आवाज फ्रिक्वेन्सीला मागेपुढे हलवतो, हे शाळेत पाठ केलं होतं. हलताना पन्नाशीनंतर पाहिलं. रेघेखालचा आकडा वाचला, पत्ता सापडला.

मग काकांनी सेटवरचा 'प्रायव्हसी कोड' लावायला सांगितला. नावावरून वाटतं, आता आपलं बोलणं गुप्त. प्रत्यक्षात कोड म्हणजे आवाजाखाली घातलेला एक सततचा घुमारा. हे ठरलेले सूर ६७ हर्ट्झपासून सुरू होतात, आणि सेट स्पीकरपर्यंत जाण्याआधी ते गाळून टाकतो. समोरच्या सेटने ओळखीचा सूर ऐकला तरच तो तोंड उघडतो. थोडक्यात, कोड तुमच्या कानांवर हात ठेवतो, दुसऱ्याच्या नाही. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री कोणी तुम्हाला हाक मारली तर वळून तुम्हीच बघता, पण हाक सगळ्या सराफ्याला ऐकू गेलेली असते. काकांच्या पडद्यावर कोडासकट तीच रेघ उमटली आणि स्पीकरमधून भाचा स्वच्छ ऐकू आला. डिजिटल सेट असता तर साध्या रेडिओवर नुसता घरघराट आला असता. खरी गुप्तता त्यावरही वेगळं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारं कुलूप, लावलं तरच.

कोड लावून आणखी एक गोष्ट टळत नाही. एकाच चॅनलवर दोघे एकदम बोलले तर एफएमचा रिसीव्हर जोरकस सिग्नल धरतो आणि दुबळा जवळजवळ गिळून टाकतो. मरून लेहंगा वर न पोहोचण्याचं कारण प्रत्येक वेळी पोऱ्याचा आळस नसतो.

हे सगळं समजल्यावर शीतलामाता बाजारात डोंगल घेऊन बसायचा मोह भाच्याला झालाच. काकांनी तिथल्या तिथे मोडता घातला. आपल्याकडे वायरलेस यंत्र बाळगण्यावरच १९३३ च्या कायद्यापासून बंधन आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचे संदेश बेकायदा टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हॅमचा परवाना हॅमच्या पट्ट्यांपुरता. "आपले सेट, आपला आवाज, तेवढंच," काका म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी मंडपात आणि भाचा भटारखान्यात, कमरेला सेट, कोड बारा. पंगत बसायची वेळ झाली. बटण दाबणार तोच दिसलं की सेट गप्प आहे, पण त्यावरचा हिरवा दिवा लागलेला आहे. आमच्याच चॅनलवर कोणीतरी वेगळ्या कोडाने बोलत होतं. बाजूला मॉनिटरचं बटण होतं, ते दाबलं असतं तर बोलणं ऐकू आलं असतं. दिवा विझेपर्यंत थांबलो, मग म्हटलं, "श्रीखंड पाठव."