वजन पोराचं, हजेरी सगळ्या घराची

मागच्या मे महिन्यात बहिणीच्या पोराला, दहा वर्षांचा आहे, जादा वजनासाठी रत्नागिरीत डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी डाएटचा कागद वगैरे दिलाच नाही, उलट म्हणाले पुढच्या वेळी आजीला पण घेऊन या. बहीण भडकलीच. पण यामागे जुनी हिस्टरी आहे.

1970च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लिओनार्ड एपस्टीन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पोरांसाठी ट्रॅफिक लाइट डाएट आणलं, म्हणजे हिरवं बिनधास्त खा, पिवळं बेताने, लाल अगदी क्वचित. आयडिया साधी, पण खरी मजा पुढे आहे. त्यांनी एका गटात पोरं आणि पालक दोघांनाही वजनासाठी कामाला लावलं, दुसऱ्यात फक्त पोरांना, आणि तिसऱ्यात नुसतं येत राहण्याचं कौतुक. दहा वर्षांनंतरचा हिशोब 1990 साली छापून आला. पहिल्या गटातल्या पोरांचं जादा वजन सरासरी साडेसात टक्क्यांनी उतरलेलं, तिसऱ्या गटाचं चौदा टक्क्यांच्या वर वाढलेलं, आणि एकट्या पोरांचा गट मध्येच कुठेतरी. तेव्हापासून आईबापांना सोबत घ्यायची पद्धत पडली.

आपल्याकडे हे उशिरा पोचलं, कारण आपल्याला भीती होती ती रोड पोराची. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा व्हायच्या, बाळसं धरलं की दृष्ट काढायची. आणि चूक तरी कशी म्हणणार, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचं कुपोषण काय लांब नाही. शाळाशाळांत पोरं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो पालघरातूनच, आणि त्याचा भर जन्मजात व्यंगं, आजार आणि कमतरतांवर.

दरम्यान पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास चालवला होता, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाला हलकी पण त्या मानाने चरबी जास्त. म्हणून तर बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2015च्या चार्टमध्ये जादा वजनाची रेघ मोठ्यांच्या 25 नाही तर 23 बीएमआयला (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जुळेल अशी ओढली. त्यामुळे शेजारीपाजारी ज्याला चांगला भरलाय म्हणतात तो पोरगा चार्टवर रेघेपलीकडे निघतो.

आणि इथलं रोजचं पण बदललंच ना. आम्ही उकड्या तांदळाची पेज पिऊन घाटी चढून शाळेत जायचो, आता दारात रिक्षा येते आणि शाळेसमोरच्या टपरीवर पाच रुपयांच्या वेफर्सच्या पुड्यांच्या माळा लटकतात. शाळेपासून 50 मीटरच्या आत असलं काही विकायचं नाही असा केंद्राचा नियम 2020 साली आला, पण टेप घेऊन मोजतंय कोण.

तर दुसऱ्या व्हिजिटला आजी गेली. घरी तिचं एकच, “वाढता आंग हा, खांव दे त्याका.” डॉक्टरांनी विचारलं सकाळी घावणे किती वाढता, ती म्हणाली दोनच. पोरगं तिच्या मागे उभं राहून चार बोटं दाखवत होतं.