मोडलाच आहे उपास, तर…

कोसलचा राजा पसेनदी एकदा द्रोणभर (द्रोण म्हणजे धान्याचं एक जुनं, मोठं माप) तांदळाचा भात चापून बुद्धांच्या भेटीला आला, तो धापा टाकतच. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातली ही हकिकत. बुद्धांनी त्याला ना उपासाला लावलं, ना खादाडपणावरून बोल लावला. सजगपणे, बेतानं जेवणाऱ्याला दुखणीखुपणी कमी आणि म्हातारपणही सावकाश, अशा अर्थाची एक गाथा तेवढी म्हटली. राजानं ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला सांगितली. पान वाढलं की त्यानं ती म्हणायची, त्याचे रोज शंभर कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. हळूहळू राजाचा भात द्रोणावरून नाळी या लहानशा मापावर आला.

सजगपणे खाण्याची आजची चर्चा मात्र बहुधा बेदाण्यापासून सुरू होते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावमुक्तीचा कार्यक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपरंपरेतून आलेल्या या कार्यक्रमात एकच बेदाणा न्याहाळायचा, हुंगायचा, जिभेवर घोळवायचा आणि मगच चावायचा.

सजगता अशी आली. पण खाऊन झाल्यावर स्वतःला कोसणाऱ्यांचं काय? मानसशास्त्रज्ञ हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्येच एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. आधी मिल्कशेक प्यायलेले साधे लोक नंतर आइस्क्रीम कमी खात. सदान्‌कदा हात आखडून खाणारे मात्र उलट जास्तच खात. आपल्याकडे चतुर्थीला चुकून बिस्किट तोंडात गेलं की 'मोडलाच आहे, आता जेवूनच घे' म्हणतात ना, तेच हे.

२००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी आत्मकरुणेची मांडणी केली: स्वतःशी मायेनं वागणं, चुका साऱ्यांच्याच होतात याची जाण, आणि सजगता. मला यातला मधला भाग सर्वांत कामाचा वाटतो, कारण २००७ मधल्या एका प्रयोगात संशोधक अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी नेमका त्यावर भर दिला. ८४ विद्यार्थिनींच्या या प्रयोगात डोनट खाल्ल्यावर काहींना सहज सांगितलं गेलं, की असलं अरबट-चरबट सगळेच कधीतरी खातात, मनाला लावून घेऊ नका. मग चव घेण्याच्या निमित्तानं चॉकलेट-गोळ्यांची भांडी पुढे ठेवली. खाण्यावर कडक पहारा ठेवणाऱ्यांपैकी ज्यांना ते दोन शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी ते न ऐकलेल्यांपेक्षा कमी खाल्लं.

अर्थात तो एका बैठकीचा प्रयोग होता. सुदस्सनला रोज पानापाशी हजर राहावं लागे.