४०० की ८००? उबदार बुटांमागची घामाची गोष्ट

भाचा मिनेसोटात शिकतो. नोव्हेंबरात तिकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि यंदा मित्र त्यालाही नेणार आहेत. परवा फोन आला. "मामा, बूट ४०० ग्रॅमचे घेऊ की ८०० ग्रॅमचे? आणि आईला एवढ्यात काही बोलू नकोस."

ठाण्यात स्वेटर वर्षातून जेमतेम आठवडाभर कपाटाबाहेर येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषयही संपला. जवळच्या येऊरच्या जंगलात बिबट्या दिसला तर हात मोबाइलकडे जातो. पण हिमालयातल्या ट्रेकपायी मी बुटांवर बरेच पैसे आणि एक अख्खा सोल घालवलाय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

हा ग्रॅमचा आकडा बुटाचं वजन नव्हे, आणि बूट उणे कितीपर्यंत चालेल तेही तो सांगत नाही. आतल्या उबदार अस्तराचा एक चौरस मीटरचा तुकडा घेतला तर त्याचं जे वजन भरेल, ते हे ग्रॅम. बुटांच्या इतिहासात हा आकडा फार उशिरा आला. त्याआधीची सगळी झटापट थंडीशी कमी आणि ओलीशी जास्त होती.

युरोपच्या अगदी उत्तरेकडचे सामी लोक रेनडिअरच्या केसाळ कातड्याचे बूट घालत आणि आत वाळलेलं गवत कोंबत. गवत ऊब धरायचं आणि घामही टिपायचं. रात्री ते काढायचं, झटकायचं, वाळवायचं, सकाळी पुन्हा भरायचं. स्कॉट आणि अमुंडसेन यांच्या काळातल्या दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमांनी ही युक्ती जशीच्या तशी उचलली.

शिकाऱ्यांच्या बुटाची गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यातली. लिऑन लिऑनवुड बीन हा दुकानदार शिकारीहून दर वेळी ओले पाय घेऊन परतायचा. वैतागून त्याने खाली रबरी बूट आणि वर चामड्याची नळी अशी जोडणी शिवून घेतली. १९१२ साली मेनबाहेरच्या शिकार-परवानाधारकांची यादी मिळवून त्याने टपालाने जाहिरात पाठवली आणि १०० जोड विकले. त्यातले ९० परत आले, कारण रबर आणि चामडं जिथे जोडलं होतं तिथेच शिवण उसवली. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं आणि बूट नव्याने बनवला. त्या घडणीचा बूट आजही विकला जातो.

दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत चिखलपाण्यात दिवसेंदिवस उभं राहून सैनिकांचे पाय सडू लागले. १९१४च्या त्या हिवाळ्यात तिथे भारतीय पलटणीही होत्या. पाय सडायला बर्फ लागत नाही, ओल आणि गारठा पुरतो, हे तेव्हा कळलं. उपाय काय, तर पायांना व्हेल माशाचं तेल चोळा आणि मोजे बदला.

रबर बाहेरचं पाणी अडवतं, तसा आतला घामही अडवतं. १९५०च्या हिवाळ्यात कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी अमेरिकन सैनिकांच्या पायांत बीनच्याच धाटणीचे बूट होते, खाली रबर, वर चामडं. डोंगर चढताना मोजे घामाने भिजायचे आणि थांबलं की तोच घाम गोठायचा. हजारोंना हिमदंश झाला. त्यानंतर आले ते फुगीर 'मिकी माउस' बूट. त्यांत लोकरीचा थर रबराच्या दोन पडद्यांमध्ये बंद केलेला. पाय घामाने ओला राहिला तरी लोकर कोरडी, म्हणून ऊब टिकते. दिसायला मात्र ध्यान!

१९५३ला हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर गेले त्या मोहिमेच्या बुटांत कपोक होता, म्हणजे आपल्या उशांतला पांढऱ्या सावरीचा कापूस. बाहेरून पातळ चामडं, मध्ये जवळजवळ इंचभर कापूस. त्यानंतर नऊच वर्षांनी, १९६२च्या युद्धात, आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात उभे होते. यावर जास्त लिहवत नाही.

१९६९ साली बॉब गोर याने तापवलेलं टेफ्लॉन झटक्यात ताणलं आणि त्यातून पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा मिळाला, तो गोर-टेक्स. सत्तरीच्या दशकातच थ्री-एम कंपनीने अतिबारीक तंतूंचं पातळ अस्तर काढलं, थिन्सुलेट. ग्रॅमचे आकडे इथून रूढ झाले. थ्री-एममधले तीन एम म्हणजे मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. भाचा ज्या राज्यात बसून मला विचारतोय, तिथलीच कंपनी. पडदा आणि अस्तर दोन्ही पातळ, त्यामुळे ते चामड्याच्या बुटात आतून बसवता आलं. चामडं काट्याकुट्यांना दाद देत नाही आणि पायाच्या आकाराचं होतं.

भाच्याला म्हटलं, चालणार किती आणि बसणार किती ते आधी सांग. दिवसभर माग काढत हिंडायचं तर २०० किंवा ४०० पुरे, त्याहून जाड घेतलंस तर घाम येईल आणि चोसिनची गत होईल. पहाटेपासून मचाणावर न हलता बसायचं असेल तर ८०० घे. मोजे लोकरीचे, सुती नकोत. बूट जाड मोज्यांसकट घालून बघ. बोटं आवळली तर रक्त फिरत नाही आणि मग हजार ग्रॅमही कामाचे नाहीत.

माझा सोल गेला तो उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला. पायथ्याच्या सांकरी गावाहून निघालो तेव्हा चामड्यावर मेण लावलेलं, लेस नवी, बूट कसा झळकत होता. जुडा का तालावच्या मुक्कामापर्यंत उजव्या बुटाचा सोल चुरमुऱ्यासारखा कुस्करून गळाला. उरलेला ट्रेक सुतळी बांधून केला. बूट वापरून झिजला नव्हता. पाच पावसाळे आमच्या नौपाड्यातल्या माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत होता. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल दमट हवेत हळूहळू आतून विघटित होतो आणि वरून काही कळत नाही. चामड्यावरची हिरवी बुरशी निदान दिसते तरी.

भाचा ८०० घेणार आहे. मे महिन्यात येताना बूट इकडेच माळ्यावर ठेवून जातो म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नको.