पॉड आणि लाइट रेल : खरा फरक थांब्याचा

पॉड, म्हणजे मोजक्या प्रवाशांना स्वतःच्या मार्गावरून थेट त्यांच्या ठिकाणी नेणारे छोटे स्वयंचलित वाहन, ही लाइट रेल या ट्रामसारख्या शहरी रेल्वेचीच छोटी, चालकविरहित आवृत्ती आहे, हे विधान शहरी वाहतुकीवरील लेखांत इतक्या वेळा भेटते की आता त्याचा वीट आला आहे. पुढचे बहुतेक गैरसमज याच एका विधानातून निघतात. मग पॉडकडून लाइट रेलइतकी माणसे वाहण्याची अपेक्षा केली जाते, लाइट रेलला वाटेत थांबण्याबद्दल दोष दिला जातो, आणि दोहोंपैकी कोणती व्यवस्था कोठे शोभेल हा मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो.

लाइट रेल बहुतेकांच्या परिचयाची असते. ती रुळांवर धावते, सहसा डोक्यावरील तारेतून वीज घेते, तिला गरजेप्रमाणे डबे जोडता येतात आणि ती कोठे रस्त्यावरून, तर कोठे स्वतंत्र मार्गावरून जाते. एडमंटनमध्ये १९७८ साली, कॅल्गरी आणि सॅन डिएगो येथे १९८१ साली, तर मँचेस्टरमध्ये १९९२ साली ती सुरू झाली. तिच्याविषयी याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

पॉडची, म्हणजेच पर्सनल रॅपिड ट्रान्झिटची, प्रत्यक्ष चालणारी उदाहरणे मोजकीच आहेत. वेस्ट व्हर्जिनियातील मॉर्गनटाउनची व्यवस्था १९७५ पासून विद्यापीठाचे विखुरलेले परिसर जोडते, त्यामुळे पॉडला सरसकट ‘उद्याची वाहतूक’ म्हणणे मला पटत नाही. हीथ्रो विमानतळावर टर्मिनल ५ आणि वाहनतळ यांच्यामध्ये बॅटरीवर चालणारे चार आसनी पॉड २०११ पासून धावत आहेत.

चालक नसणे ही पॉडची ओळख मुळीच नव्हे. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ साली सुरू झाली तेव्हापासून स्वयंचलित आहे, तरी ती पॉड ठरत नाही. रबरी चाकांचेही तेच, कारण पॅरिस मेट्रोच्या काही मार्गिकांवर तीच चाके आहेत. आकारावरूनही निर्णय करता येत नाही, कारण मॉर्गनटाउनच्या एका वाहनात सुमारे वीस माणसे मावतात.

खरा फरक पाहायचा असेल तर वाहनाचे चित्र दूर ठेवून स्थानकाचा नकाशा पाहावा. लाइट रेलचे स्थानक मुख्य मार्गावरच असते. पुढची गाडी थांबली की मागच्या गाडीलाही थांबणे किंवा मंदावणे भाग पडते, आणि प्रत्येक प्रवाशाला इतरांच्या थांब्यांवर थांबावे लागते. पॉडचे स्थानक मात्र मुख्य मार्गापासून फुटणाऱ्या बाजूच्या फाट्यावर असते. ज्या पॉडला तेथे जायचे असते तोच फाट्यावर वळतो, बाकीचे वेग न बदलता पुढे निघून जातात. हीथ्रोला प्रवासी पडद्यावर आपले ठिकाण निवडतो, तिरप्या जागेत उभ्या असलेल्या पॉडमध्ये बसतो, दार बंद होते, पॉड मागे सरकत त्या जागेतून बाहेर पडतो आणि थेट इच्छित ठिकाणी पोहोचतो. म्हणूनच ताशी ४० किलोमीटर कमाल वेगाचा पॉड, ताशी ८० किलोमीटर धावू शकणाऱ्या पण दर काही मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीच्या आधी पोहोचू शकतो. केवळ कमाल वेगांची तुलना करणारे तक्ते मी म्हणूनच निरर्थक मानतो.

हाच फाटा क्षमतेचे गणितही बदलतो, आणि लोक नेमके येथेच घसरतात. रेल्वेचा जुना सुरक्षा नियम असा की पुढचे वाहन जागच्या जागी थांबले, तरी मागच्याला न धडकता थांबता आले पाहिजे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. पॉडमधील सगळे बसलेले असल्याने ब्रेक थोडा जोरात लावता येतो, असे धरले तर थांबायला सुमारे २५ मीटर लागतात. त्यात प्रतिसादाचा वेळ आणि वाहनाची लांबी मिळवली की दोन पॉडमध्ये साधारण तीन सेकंदांचे अंतर आवश्यक ठरते, म्हणजे तासाला १२०० पॉड. प्रत्येकी चार आसने धरली की एका दिशेने ताशी ४८०० प्रवासी! प्रत्येकी दोनशे माणसांच्या दोन डब्यांची लाइट रेल दर पाच मिनिटांनी सोडली तरी आकडा ४८०० च येतो, आणि प्रस्तावांत दोन्ही व्यवस्था समान असल्याचे जाहीर होते.

ही बरोबरी फसवी आहे. पॉड न थांबता जातो याचा अर्थच असा की वेगळ्या ठिकाणी जाणारा अनोळखी माणूस त्यात बसू शकत नाही. एकटा प्रवासी चार आसने घेऊन जातो. सरासरी दीड प्रवासी धरला तर ४८०० चे १८०० होतात. त्यातही गर्दी नसलेल्या ठिकाणाहून गर्दीच्या ठिकाणी रिकामे पॉड परत न्यावे लागतात, आणि फाट्यावरून येणाऱ्या पॉडला मुख्य मार्गात शिरता यावे म्हणून काही जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. एकतृतीयांश जागा अशा गेल्या तर हाती १२०० प्रवासी उरतात. लाइट रेलमध्ये याच्या उलट, गर्दीच्या वेळी डबा खरोखर भरतो, कारण सगळे त्याच मार्गाने जाणार असतात आणि मधल्या थांब्यांवर उतरणाऱ्यांची जागा चढणारे घेतात. ज्या थांब्यांचा पॉडसमर्थकांना राग येतो, तेच थांबे तिची क्षमता घडवतात.

मॉर्गनटाउनमध्ये हे प्रत्यक्ष दिसते. गर्दीची वेळ नसताना तेथील वाहने सहसा प्रवाशाच्या मागणीनुसार सुटतात, पण गर्दीच्या वेळी ती ठरलेल्या स्थानकांच्या जोड्यांदरम्यान वेळापत्रकानुसार चालवली जातात, म्हणजे तेवढा वेळ ती व्यवस्था लाइट रेलच्या दिशेने सरकते.

त्यामुळे माझे मत ठाम आहे. ज्या मार्गावर हजारो माणसे सकाळी एकाच दिशेने जातात आणि संध्याकाळी परततात, तेथे पॉडचा विचारच करू नये. विमानतळाचे वाहनतळ, विखुरलेले विद्यापीठ, मोठे रुग्णालय संकुल अशा ठिकाणी मात्र माणसे दिवसभर थोडी थोडी आणि सर्व दिशांना जातात, आणि तेथे रिकाम्या डब्यांची लाइट रेल फिरवणे हा उधळेपणा आहे. पॉडचा प्रस्ताव हाती आला तर त्यातील ताशी क्षमतेच्या आकड्यामागे दर वाहनामागे किती प्रवासी आणि किती रिकाम्या फेऱ्या धरल्या आहेत, हे आधी विचारावे, आणि उत्तर ‘सर्व आसने भरलेली’ असे असेल तर तो आकडा बाजूला ठेवावा.