बायोडाट्यातला रक्तगट

मराठवाड्यात हल्ली सोयरीक जुळवताना मध्यस्थाच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडाटा येऊन पडतो. उंची, शिक्षण, शेती किती एकर, देवक, मामाचं गाव, रास, नाडी आणि त्यातच कुठंतरी रक्तगट. हा रक्तगट बघायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दोघांचा गट सारखा निघाला की ‘पुढं लेकराबाळांना त्रास होतो’ म्हणत पाव्हणे मागं सरतात. शिकल्या-सवरल्या घरांतही ही समजूत घट्ट बसलेली आहे. ती नुसती चुकीची नाही, चक्क उलटी आहे.

रक्तगट तपासतात कसा, ते आधी बघू. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतात. एकात निळं द्रावण टाकतात, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात पाण्यासारखं बिनरंगाचं. काडीनं ढवळून पट्टी हळूहळू डोलवत राहायची. दोनेक मिनिटांत एखादा थेंब नासलेल्या दुधासारखा फाटतो, लाल दाणे एकीकडं आणि पाणी एकीकडं. निळ्यात फाटला तर ए, पिवळ्यात फाटला तर बी, दोन्हींत फाटला तर एबी, दोन्हींत जसाच्या तसा राहिला तर ओ. तिसऱ्या थेंबावरून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरतं.

फाटाफूट होते ती साखरेवरून. आपल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. या साखळीला ‘एच’ म्हणतात. तिच्या टोकाला एक विशिष्ट साखर चिकटली की ए गट, दुसरी चिकटली की बी. ओ गटात काहीच चिकटत नाही, साखळी उघडीच राहते. आपल्याकडं जी साखर नाही तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे परक्या गोष्टीला चिकटून तिच्याशी लढणारे पदार्थ, शरीर लहानपणीच तयार करून ठेवतं, कारण तशाच साखरा आतड्यातल्या जिवाणूंवरही असतात. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये हे गट उलगडून दाखवले, तेव्हा कुठं रक्त चढवणं हा जिवाशी खेळ राहिला नाही. त्यासाठी त्यांना 1930 मध्ये नोबेल मिळालं.

आता नवरा-बायकोचं बघा. बाळाला त्रास होतो तो आईकडं नसलेली खूण, म्हणजे पेशीवरची साखरेसारखी ओळख, बापाकडून बाळात आली तर. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल, तर जन्मल्यावर कावीळ होऊ शकते. ती बहुतेक वेळा सौम्य असते, निळ्या दिव्याखाली ठेवून उतरते. पण आई-बाप एकाच गटाचे असतील, तर आईच्या शरीराला परकी वाटेल अशी खूण बाळाकडं येणार कुठून? म्हणजे ज्या कारणासाठी स्थळ नाकारलं, त्या बाबतीत तेच स्थळ सगळ्यांत बिनघोर होतं!

‘एक नाडी म्हणजे एक रक्तगट’ असंही सांगणारे भेटतात. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून, सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ अशी वाटणी करून. ए-बी-ओ गट ठरतो नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकावरून. नऊ हा आकडा दोन्हीकडं आला, एवढंच काय ते नातं.

काळजीपूर्वक बघायची गोष्ट आहे ती तिसऱ्या थेंबाची. भारतात शंभरात साधारण पाच माणसं आरएच निगेटिव्ह असतात, म्हणजे त्यांचा तिसरा थेंब फाटत नाही. बाई निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह आणि बाळही पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करायला लागतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं. दुसऱ्या खेपेला हीच प्रतिद्रव्यं वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला तीव्र पंडुरोग होतो, कधी ते पोटातच दगावतं. यावर 1968 पासून अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला तरी ते लागू शकतं, हे मात्र घरच्यांच्या ध्यानातच येत नाही.

बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांतल्या बायांसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलतं ते थेट उन्हाळ्यात परततं. फडावर असताना पोट पडलं, तर जवळच्या दवाखान्यात कुणी रक्तगट विचारील, न विचारील. गटाचा कागद तर गावाकडं पेटीत. रक्तगट बाईला स्वतःला पाठ असावा, नवऱ्याला नव्हे. आणि बाई निगेटिव्ह आहे म्हणून स्थळ नाकारणंही अडाणीपणाच. दोन इंजेक्शनांनी टळणारी गोष्ट आहे ही.

रक्तगटाप्रमाणे जेवण ठेवा सांगणाऱ्यांकडं दुर्लक्ष केलेलं बरं, त्याला पुरावा नाही. ओ गटात रक्त गोठवणारा एक घटक जरा कमी असतो, त्यामुळं शिरांत गुठळी होण्याचा धोकाही थोडा कमी. पण तंबाखू सोडल्यानं जितका फरक पडेल, त्यापुढं हे काहीच नाही.

आपल्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथं मात्र थबकावं. आतेभाऊ-मामेबहिणीत जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो. त्यामुळं क्वचित आढळणारं सदोष जनुक दोन्हीकडून बाळात उतरण्याची शक्यता वाढते. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट असाच उतरतो. यात ती ‘एच’ साखळीच पुरी होत नाही. काचपट्टीवर असं रक्त ओ दिसतं, पण या माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. म्हणून रक्तपेढीत पट्टीवर न थांबता रुग्णाचं रक्त दात्याच्या रक्ताशी जुळवून बघतात.

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजारही याच वाटेनं येतो, आणि तो रक्तगटाच्या तपासणीत दिसत नाही. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या तशाच दुसऱ्या रक्ताच्या आजाराचाही विचार करावा लागतो. दोन्हींसाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी असते, एचपीएलसी नावाची. लग्नाआधी एकदा केली की पुरते. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोघांकडंही एकेक सदोष जनुक असलं, तर प्रत्येक खेपेला बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. तरी लग्न मोडायचं कारण नाही. दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते, फक्त डॉक्टरांना ते आधी सांगावं लागतं.