आठ हजार नंबरचा गाळा

मिरजेला मामांकडे गेलो की काही ना काही उघडून बसावंच लागतं. मागच्या वेळी हार्मोनियमचा भाता होता, या वेळी राऊटर निघाला. "अरे, नेट चालू आहे की! हिची मालिका चालते, व्हॉट्सॲप चालतं, मग माझाच रेडिओ गप्प का?" मामांचा रेडिओ म्हणजे मोबाईलवरचं एक इंटरनेट स्टेशन. परदेशातला कुणी हौशी माणूस चोवीस तास शास्त्रीय संगीत लावून ठेवतो. बटण दाबलं की गोल चक्र फिरत राहायचं आणि मिनिटभरानं ॲप हात टेकायचं.

मी वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू केला. तिसऱ्या सेकंदाला तानपुरा सुरू! परत वायफायवर आलो, परत चक्र. एवढ्यावरून निम्मा निकाल लागला होता. स्टेशन जिवंत, मोबाईल ठणठणीत, ॲप बरोबर. अडथळा भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीत किंवा तिच्या पलीकडच्या तारेत.

नेट 'स्लो' असेल, ही शंका हिशेबानंच मिटते. अशा स्टेशनचा आवाज साधारण 128 किलोबिट प्रतिसेकंद या वेगानं येतो. म्हणजे सेकंदाला 16 किलोबाइट, तासाला साठ एमबीच्या आतच. मामांची लाइन 100 एमबीपीएसची. अशी साडेसातशे स्टेशनं एकदम लावली तरी ती पुरून उरेल. शिवाय आकाशवाणीचं ॲप त्याच वायफायवर सुरेख वाजत होतं. मग एक रेडिओ चालतो आणि दुसरा अडतो, हे कसं?

सांगलीचं मार्केट यार्ड डोळ्यांसमोर आणा, हळदीचे सौदे निघतात ते. यार्डाचा पत्ता एकच, पण माल पोचवायचा तर गाळा नंबर लागतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरचंही तसंच असतं. आयपी ॲड्रेस हा यार्डाचा पत्ता आणि पोर्ट हा गाळा नंबर. हे गाळे 0 ते 65535 असतात. साध्या वेबसाइटचा गाळा 80, कुलूपवाल्या सुरक्षित वेबसाइटचा 443. आपल्या घराचं गेट म्हणजे राऊटर आणि गेटवरचा वहीवाला म्हणजे फायरवॉल.

हा वहीवाला पोती फोडून बघत नाही. आत मालकंस आहे की मालिका, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गाडी कुठून निघाली, कुठल्या यार्डात, कुठल्या गाळ्याला चालली, एवढंच तो लिहून घेतो. त्याच गाळ्याकडून उत्तर आलं की वही बघून आत सोडतो. न बोलावता आलेली गाडी गेटवरच अडते. घरच्या राऊटरची नेहमीची शिस्त इतकीच: आतून बाहेर जायला मोकळीक, बाहेरून आत यायला वहीत नोंद हवी. या शिस्तीत इंटरनेट रेडिओ बिनबोभाट वाजतो, कारण गाणं आपणच मागवलेलं असतं.

पण अनेक राऊटरांत फायरवॉलच्या पायऱ्या असतात: लो, मीडियम, हाय. 'हाय' लावलं की बाहेर जाणाऱ्या गाड्यांवरही बंधन येतं. वेबसाइट, ईमेल अशा मोजक्या कामांचे गाळे सोडून बाकी रस्ता बंद. मामांचं स्टेशन होतं 8000 वर.

हे कळायला पत्ता बघावा लागतो. ॲप तो लपवतं, पण व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये दिसतो. नावाच्या शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं आणि मग 8000. विसर्गाचा उच्चार आपण हल्ली गिळतोच, इथं मात्र सगळा अर्थ त्या दोन टिंबांपुढं आहे.

आठ हजारच का, तर हौशी लोकांमुळं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस शाउटकास्ट नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि घरच्या कॉम्प्युटरवरून कुणालाही स्टेशन चालवता येऊ लागलं. युनिक्सच्या, म्हणजे बहुतेक सर्व्हर ज्या घराण्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात तिच्या, जगात 1024 च्या खालचे पोर्ट उघडायला परंपरेनं मुख्य चालकाचे अधिकार लागतात. भाड्याच्या सर्व्हरवर बसलेल्या हौशी माणसाला ते कोण देणार? शाउटकास्टनं 8000 हा गाळा ठरवून टाकला. मागाहून आलेल्या आइसकास्टनंही तोच धरला.

शाउटकास्टची आणखी एक गंमत. वेब सर्व्हर उत्तराची सुरुवात 'एचटीटीपी' या अक्षरांनी करतो, हा मात्र 'आयसीवाय' म्हणून सुरू होतो. 'आय कॅन येल', म्हणजे मी ओरडू शकतो. असं स्टेशन 80 नंबरवर हलवलं, तरी मजकूर तपासणारी एखादी कडक फायरवॉल 'ही वेबसाइटची भाषा नव्हे' म्हणून त्याला अडवू शकते.

त्याहून जुन्या पद्धतींची तर फारच ओढाताण व्हायची. आरटीएसपी या पद्धतीत 'वाजव', 'थांब' असे निरोप 554 नंबरच्या गाळ्याशी चालतात, पण आवाज बऱ्याचदा वेगळ्याच पोर्टांवरून, यूडीपी या पोचपावती न मागणाऱ्या पद्धतीनं येतो. वहीत नोंद एका गाळ्याची आणि माल आला दुसऱ्याकडून! वहीवाला अडवणारच. गाण्याचं नाव दिसतंय, 'जोडलं गेलं' असं लिहून आलंय आणि स्पीकर मुका. इंटरनेट फोनवर कधीकधी आपलं बोलणं पलीकडं पोचतं, पण पलीकडचं ऐकू येत नाही, ते दुखणंही बरेचदा याच जातीचं.

आकाशवाणीचं ॲप सुटलं, कारण आजच्या मोठ्या सेवा आवाज फायलींसारखा पाठवतात. ॲपलनं 2009 मध्ये एचएलएस ही पद्धत आणली. आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि ते साध्या वेबपानांसारखे 80 किंवा 443 वरून द्यायचे. वहीवाल्याला वाटतं, कुणीतरी पेपर वाचतंय. या युक्तीची किंमत उशिरानं चुकवावी लागते. काही तुकडे साठल्याशिवाय वाजवणं सुरू होत नाही. सांगली आकाशवाणीची 1251 किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह ऐकत वाढलेल्या मामांना हे आधीच खटकलं होतं. रेडिओ सेट आणि मोबाईल शेजारी ठेवले तर मोबाईल मागून येतो.

राऊटरच्या तळाच्या चिकटपट्टीवर पत्ता होता, 192.168.1.1. पान उघडलं, सिक्युरिटीत गेलो. फायरवॉल: हाय. लॉगमध्ये, म्हणजे राऊटरच्या नोंदींत, मामांच्या मोबाईलच्या नावानं 8000 पोर्टच्या अडवलेल्या ओळींची रांग लागली होती. ते चक्र का फिरत बसायचं, हेही तिथंच कळलं. ही फायरवॉल 'नाही' म्हणत नाही, ऐकलंच नाही असं करते. ॲप बिचारं उत्तराची वाट बघत राहतं.

इथं लोक दोन चुका करतात. एक, फायरवॉलच बंद करतात. 2016 मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. इंटरनेटवर अशी दारं ठोठावणारे प्रोग्रॅम आजही रात्रंदिवस फिरत असतात. दुसरी चूक पोर्ट फॉरवर्डिंगची. नाव ऐकून ते बरोबर वाटतं, पण त्यानं बाहेरच्याला आत यायची वाट मिळते. आपल्याला फक्त आतून बाहेर जायचं असतं.

सोपा उपाय म्हणजे 'मीडियम'वर आणणं. मामांना ते पटेना. "हाय आहे ते हायच राहू दे, माझ्यापुरतं बघ." मग एकच नियम केला: आतून बाहेर, टीसीपी (पोचपावती घेत माल नेणारी पद्धत, हा रेडिओ तिनंच येतो), पलीकडचा पोर्ट 8000, परवानगी. सेव्ह केल्यावर राऊटर स्वतःहून रिस्टार्ट झाला, मामीची मालिका ऐन भांडणात तुटली आणि खरं भांडण स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

नियमाला नाव द्यायची एक चौकट असते. काय लिहू, म्हणून विचारलं तर मामांचं लक्ष मोबाईलकडं. चक्र थांबलं होतं, कुणीतरी गंधार लावत होतं. "भूप लिही," ते म्हणाले.